खोटा लोड

तीन डिमर आहेत आमच्याकडे,
आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही.

करडा, सहा चॅनेलचा,
बुडालेल्या एका नाटक कंपनीच्या सामानातून उचललेला.
त्याला व्होल्ट कळतात, शून्य ते दहा, बास.
काळा नवा, वजनाला हलका. त्याला आकडे लागतात,
शून्य ते दोनशे पंचावन्न,
आणि पाठीवरच्या बारक्या खटक्यांत
त्याचा पत्ता घालून द्यावा लागतो,
नाहीतर दुसऱ्याचं टपाल वाचत बसतो.
तिसरा उद्यमनगरात बनवून घेतलेला,
लोखंडी, बिननावाचा, गुरगुरणारा.
त्याला हात कळतो. तोही दस्तगीरचाचांचाच.

संध्याकाळचे सात. उद्या स्पर्धेचा प्रयोग.
खिडकीतली पहाट फडफडतेय.
शिवराज हेरवाडकर, आमचा दिग्दर्शक,
चौथ्या रांगेतून ओरडतो:
पहाट आहे का वेल्डिंग?

मी केबल बदलली. फडफड.
लाईनीच्या शेवटी एकशेवीस ओहमचा रेझिस्टर खोचला,
काळा शहाण्यासारखा गप्प झाला,
खिडकी तशीच.
न्यूट्रलचा स्क्रू अर्धा आटा सैल निघाला.
"मेन बंद केलीस?" चाचांनी दोनदा विचारलं,
मग स्वतः जाऊन बघून आले.
आवळला. फडफड.
खिडकी करड्यावरून काढून काळ्यावर घेतली. फडफड.
खिडकीच्या जागी जुना हजाराचा हॅलोजन लावला
(शेवटचा; लक्ष्मीपुरीत आता मिळत नाही)
तो लोण्यासारखा उतरला.

म्हणजे दोष डिमरचा नाही,
नव्या एलईडीचाही नाही.
दोघांच्या सोयरिकीचा.

चाचा पायरीवर बसले, तंबाखू झटकली.
"रिकामी ट्रॉली बघितलीस कधी,
कारखान्यावर ऊस टाकून परतताना?
बारक्या खड्ड्यालाबी उडती.
भरलेली उडत नाही.
हा दिवा लई हलकाय गं.
डिमरला वजन पायजे."

पिशवीतून शंभरचा बल्ब निघाला,
भोकं पाडलेला तुपाचा डबा निघाला,
डब्याला अर्थिंगची वायर आधीच लावलेली,
म्हणजे हे त्यांना सातपासून ठाऊक होतं.
खिडकीच्या जोडीला बल्ब जोडला,
विंगेमागे, भिंतीकडे तोंड करून.
खोटा लोड म्हणतात त्याला.
स्लायडर वर घेतला.
पहाट झाली, न अडखळता.
हेरवाडकर काहीच बोलला नाही,
त्याची ती शाबासकी.

"उद्या मी बसतो डब्यापाशी," मी म्हटलं.
(इथं आम्ही बायकापण बसतोच म्हणतो.
पुण्याच्या परीक्षक बाई हसतात. हसू देत.)
"तू बोर्डावर," चाचा म्हणाले,
"माझ्या डोळ्याला स्टेज आता दिसतंय कुठं."

प्रयोगात ते तिथंच होते, उपड्या खोक्यावर.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
समोर चुन्याची भिंत,
भिंतीवर डब्याच्या भोकांचे ठिपके.
मी इकडं पहाट चढवायची,
तिकडं ठिपके उजळायचे.
त्यांनी अख्खं नाटक त्या भिंतीवर पाहिलं.
विजयमालाताई एंट्रीसाठी शेजारी उभ्या;
त्याही ठिपक्यांकडंच बघत होत्या,
म्हणाल्या नंतर, क्यू दिसत नव्हता,
यांचं बोट बघून गेले.

तिसऱ्या अंकात फोनवर दोन शब्द आले:
पाच कमी.
मी पाच कमी केलं.
कुठून कळलं, विचारायचं राहिलं.

पडदा पडला. टाळ्या आमच्यापर्यंत
येतात त्या पत्र्यावर पडल्यासारख्या येतात.
सामान आवरताना आधी खिडकीचा दिवा काढला,
हातात गार, पालीसारखा.
मग डब्याला हात लावला
आणि चटकन मागं घेतला.

चाचा हसले. रुमाल पुढं केला.
डब्यावर त्यांनी चहाचा ग्लास ठेवला होता,
अर्धा माझ्यासाठी राखलेला.